लाट कुणाच्या नावावर परतली

टिओपिरा माझा धाकटा भाऊ. वाईपोउरी नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्यासारखा वायरवाला झाला नाही, होणार नाही. कुणी म्हणेल, थोरला भाऊ आहे, कौतुक करणारच. करणारच की. ज्याला असा भाऊ नाही त्याने गप्प बसावं.

वायर म्हणजे आमची वायर. नदी आमच्याकडे खोल घळीतून जाते आणि पूल बांधायचं सरकार दर निवडणुकीला म्हणतं. तोवर या काठापासून त्या काठापर्यंत एक पोलादी दोर, त्यावर चाकांनी लटकणारा पाळणा, आणि अलीकडच्या बाजूला पाळणा ओढायचा रहाट. लोकरीचे गठ्ठे, पीठ-साखर, बाळंतिणी, पाद्री, सगळं त्या पाळण्यातून जातं. आमच्या बापाने, एरुएराने, ती वायर टाकली. अलीकडचं टोक त्याने खडकात रोवलं. पलीकडचं टोक मात्र मोकळं. तिथे दोर एका खांबावरच्या चाकावरून जातो आणि खाली खड्ड्यात उतरतो, आणि त्याच्या टोकाला एक मोठी लाकडी पेटी टांगलेली. पेटीत नदीतले काळे दगड. पेटी जेवढी जड, तेवढी वायर ताठ. साधा हिशोब. त्यातले अर्धे दगड मी वाहिलेत. तसे दगड आजकालच्या पोरांना हलवून दाखवा म्हणावं.

बाप गेल्यावर वायर माझ्याकडे येणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. पण मला मेंढ्यांची लोकर कातरायला लांब लांबहून बोलावणी यायची, आणि खरं सांगायचं तर वायरीपाशी बसून राहणं हे माझ्यासारख्या माणसाचं काम नव्हे. टिओपिराचं होतं. लहानपणी गोवर झाला आणि त्याचा एक कान गेला, दुसराही अर्धामुर्धाच राहिला. तेव्हापासून तो हाताने ऐकतो. किटली उकळली का ते तळवा लावून बघतो. घोडा दुखावलाय का ते मानेला हात लावून सांगतो. बोलणं कमी. लग्न नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "बायको बोलेल ते मला ऐकू येणार नाही, आणि ऐकू आलं नाही की ती मोठ्याने बोलेल. त्यापेक्षा वायर बरी."

वायर तपासायची त्याची रीत अशी. मानुकाच्या लाकडाचा दांडका घ्यायचा, वायरीवर वरून एक ठोका द्यायचा, आणि लगेच डावा तळवा वायरीवर ठेवायचा. ठोक्याची लाट निघते, घळीवरून धावत जाते, पलीकडच्या चाकाला आपटते आणि उलटून परत येते. जाताना खाली दबलेली असते, येताना वर उसळून तळव्याला धक्का देते. त्या दोहोंच्या मधे किती वेळ गेला, त्यावरून वायर कशी आहे ते कळतं. घड्याळ आमच्याकडे नव्हतं. टिओपिरा पूर्वज म्हणायचा. ठोका दिला की एका लयीत सुरू. तामाहे, त्याचा रोंगोइती, त्याचा ते कोहू, त्याची हिनेअवा, तिचा मारुपो, त्याचा पोऊतू, त्याचा नेपिया, त्याचा एरुएरा. पोऊतू आमचे पणजोबा, नेपिया आजोबा, एरुएरा बाप. चांगल्या कोरड्या दिवशी लाट पोऊतूवर परतायची. पोऊतू म्हणताम्हणता हाताला धक्का. मग टिओपिरा मान हलवायचा आणि पाळणा सोडायचा.

रिपेका मावशीला हे कधी आवडलं नाही. मावशी म्हणजे सगळ्या खोऱ्याची मावशी. आमचं रक्ताचं नातं शोधायला गेलं तर त्या पूर्वजांच्या यादीतच शिरावं लागेल. ती म्हणायची, "अरे, ती नावं मराएवर, गाव जमतं त्या अंगणात, उभं राहून म्हणायची असतात, चार माणसांपुढे. तू लोखंडाला ऐकवतोस. पूर्वजांचं घड्याळ केलंस तू."

"लोखंड मधे बोलत नाही, मावशी," टिओपिरा म्हणायचा.

आणि तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नावं म्हणायचा मान थोरल्याचा. आजोबांनी शिकवली ती मला, समोर बसवून. टिओपिरा दाराआड ऐकून ऐकून शिकला, तेही त्या अर्ध्या कानाने. आणि आमच्यात नावं म्हणताना चूक चालत नाही. एखादं नाव गळलं, मधेच जीभ अडखळली, तर तो अपशकुन. म्हणणाऱ्याच्या घरातलंच कुणीतरी जातं. म्हातारी माणसं अशी उदाहरणं सांगतात की जेवण जात नाही.

एकदा बंदरावरून मी वायरीसाठी नवी पोलादी दोरी आणली. जाड, चकचकीत, जहाजावरची. अख्ख्या खोऱ्यात तशी दोरी नव्हती. जुनी काढली, नवी चढवली, पेटी तीच टांगली. टिओपिराने ठोका दिला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"आळशी आहे," तो म्हणाला. "आजोबांवर आली."

"तुझा हात आळशी असेल. दे इकडे." मी दांडका घेतला आणि असा दणका दिला की रहाटावरचे पक्षी उडाले. लाट केवढी गेली. पण हात ठेवला तर परत आली ती आजोबांवरच. नेपिया. मी दोन वेळा आणखी जोर लावला. नेपियाच.

"दादा," टिओपिरा हसत म्हणाला, "तुझ्या जोराने लाट मोठी होते, पण पळत नाही. ती तिच्याच चालीने चालते. दोरी जड झाली आणि ओढणारी पेटी तेवढीच राहिली, तर ती रेंगाळणारच. भरल्या पोत्याला तेच घोडं जुंपलंयस तू."

मग पेटीत आणखी दगड टाकले. तेही मीच टाकले. दगड वाढले तशी वायर ताठ झाली आणि लाट पुन्हा पोऊतूवर यायला लागली. त्या दोरीवर पुढे किती वर्षं माणसं गेली-आली. दोरी कुणी आणली हे कुणी विचारत नाही, असो.

आता हाराटा आजीचं सांगतो.

हाराटा आजी म्हणजे रिपेका मावशीची आई. जन्म पलीकडचा, नवरा होआनी पलीकडचा, तो पलीकडच्या टेकडीवर पुरलेला. म्हातारपणी लेकीकडे अलीकडे राहायला आली, आणि लेकीकडून एकच वचन घेतलं होतं. मेल्यावर होआनीच्या शेजारी. ती गेली तेव्हा वरच्या डोंगरात पाऊस पडून गेला होता. आमच्याकडे थेंब नाही, पण नदी काठोकाठ. खालून नदी ओलांडायची उताराची वाट पाण्यात गेलेली. आणि धुकं असं, की वायर आमच्या रहाटापासून निघायची आणि पाळणाभर अंतरावर नाहीशी व्हायची. पुढे ती आहे की नाही हे देवाला ठाऊक.

दुपारी सगळे आजीला घेऊन वायरीशी आले. शवपेटीवर पिसांचा झगा पांघरलेला, बायकांच्या डोक्याला हिरव्या पानांच्या माळा. पलीकडच्यांना आदल्या दिवशीच निरोप गेला होता. ते तिकडे मराएवर वाट बघत असणार. मेलेल्या माणसाला वाट बघायला लावणं आमच्यात फार वाईट. आणि तिच्या गावाला लावणं त्याहून वाईट.

"टिओ, पाळणा सोड," मावशी म्हणाली.

"तपासतो."

त्याने ठोका दिला. तळवा ठेवला. ओठ हलायला लागले. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. मारुपो. पोऊतू. नेपिया. हात हलला नाही. एरुएरा म्हणताना त्याच्या मनगटाला झटका बसला.

त्याने हात उचलला आणि पँटला पुसला. पुन्हा ठोका दिला. पुन्हा बापावरच.

"काय रे?" मी विचारलं.

"वायर ढिली आहे. नाहीतर जड झाली आहे. इथून काय कळणार? धुक्याने ओली असेल तर थोडी जड होते, पण एवढी नाही."

"पेटीतले दगड कुणी काढले असतील?"

"कोण काढणार?"

मावशी जवळ आली. "काय कुजबुज चाललीय?"

"मावशी, लाट उशिरा येतेय. पलीकडे काहीतरी झालंय. आज नाही जायचं."

"आज नाही म्हणजे? ती काय लोकरीचा गठ्ठा आहे?"

टिओपिरा नुसता वायरीवर हात ठेवून उभा राहिला. आणि तेवढ्यात त्याने हात असा मागे घेतला की मला वाटलं चटका बसला.

"दादा, हात ठेव इथे."

मी ठेवला. कुणी ठोका दिलेला नव्हता. दांडका जमिनीवर पडलेला होता. आणि वायर हाताला धडकली. एकदा. लगेच दुसऱ्यांदा. मग शांत. मग थोड्या वेळाने पुन्हा तसेच दोन धक्के. धुक्यातून, पलीकडून, कुणीतरी दार ठोठावावं तसे.

मी घाबरलो नाही. अंगावर काटा आला तो थंडीने.

बायकांनीही एकेक करून हात ठेवले. त्यातली एक रडायला लागली. मावशीने तर वायर दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून उभी राहिली. दोन धक्के आले तशी तिच्या चेहऱ्यावरची रेषा न रेषा सैल झाली.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "आईला बोलावतायत. दार असंच वाजवायचे ते, दोनदा. घरी उशिरा आले की."

"मावशी, पलीकडच्या काठावर कुणीतरी माणूस असेल," मी म्हणालो.

"माणूस असता तर त्याने हाक मारली असती."

नदी अशी गर्जत होती की हाक मारली असती तरी कळली नसती. पण हे मी बोललो नाही. कारण माणूस ठोकतो तेव्हा धक्का टणक येतो. हा मऊ होता. काहीतरी मोठं आणि जड अंगाने घासून जावं तसा.

"टिओ," मावशी म्हणाली, आता आवाज अगदी खाली आणून, "तो बोलावतोय आणि तू अडवतोयस. सोड पाळणा. मी तिच्याबरोबर बसते."

टिओपिराने पुन्हा दांडका उचलला. या वेळी लाट बापाच्याही पुढे गेली. तामाहेपासून बापापर्यंत सगळे होऊन गेले, मग त्याचे ओठ हलले, केरेआमा, आणि हात उडाला.

केरेआमा मी.

ओठ वाचता येत नाहीत असं तिथे कुणी नव्हतं, आमच्या पोरांना बोलायच्या आधी ती नावं कळतात.

मग मावशी म्हणाली, "तू नाव गाळतोयस."

टिओपिराने मान वर केली. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याचा चेहरा तसा मी कधी बघितला नव्हता.

"मधलं एखादं गाळतोयस," ती म्हणाली. "म्हणून लाट पुढच्या नावावर पडतेय. वायर चांगली आहे. चूक तुझ्या जिभेची आहे. आणि ती कसली चूक आहे हे तुला ठाऊक आहे."

हे बोलणं त्याच्या वर्मी लागलं. कारण त्याला ते खरंही वाटलं असतं. दाराआडून शिकलेला, अर्ध्या कानाचा. वायर बिघडली असेल तर आजी आज जात नाही, एवढंच. पण नाव गळलं असेल तर वायर धड आहे, आजीला उगाच अडवलंय, आणि वर घरातलं कुणीतरी जाणार. आणि घरात होतं कोण? तो आणि मी. त्याच्या जिवाला घोर लागला तो तिथे. मरणाचा नाही. आपल्या हातावर विश्वास ठेवायचा की नाही याचा.

तो माझ्याकडे वळला. "दादा, तू म्हण. मोठ्याने. मी फक्त हात ठेवतो."

आता माझी पाळी आली. मी टोपी काढली. नावं म्हणायची तर मी म्हणावी, मराएवर मी उभा राहिलो की कुत्री भुंकायची थांबतात. टिओपिराने ठोका दिला आणि मी म्हणायला लागलो, छातीतून, एकेक नाव दगडासारखं ठेवत. तामाहे, त्याचा रोंगोइती, त्याचा ते कोहू. धुकं तोंडात शिरत होतं. त्याची हिनेअवा, तिचा मारुपो, त्याचा पोऊतू. मावशीचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, ती प्रत्येक नाव पारखून घेत होती. त्याचा नेपिया. त्याचा एरुएरा. हात हलला नाही. त्याचा केरेआमा, आणि स्वतःचं नाव मी म्हणालो ते नेहमीपेक्षा जरा घाईने असेल. हात तरी हलला नाही. मग एकच नाव उरलं होतं.

"टिओपिरा," मी म्हणालो.

तेव्हा त्याच्या हाताला धक्का बसला.

त्याच्यापुढे नाव नव्हतं. त्याला मूलबाळ नव्हतं, मला नव्हतं. नुसती नदी ऐकू येत होती.

टिओपिरा मात्र सुटल्यासारखा दिसला. "एकही गळलं नाही ना, मावशी?"

मावशीने बोटांवर नावं पुन्हा मोजली. "नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग चूक माझी नाही. वायर सैल होत चाललीय. आत्ता, आपण इथे उभे असताना. आधी बाप, मग दादा, मग मी. आता पाळण्याचं वजन टाकलं तर वायर किती खाली जाईल मला सांगता येत नाही, आणि खाली काय वाहतंय ते दिसत नाही."

"आणि ते दोन धक्के?"

"ते मला ठाऊक नाहीत."

"बाबा नाहीत असं म्हण."

"ते मी कसं म्हणू?" टिओपिरा म्हणाला. "ते असतील. पण ते बोलावत असले तरी वायर माझी आहे."

मावशी पुढे झाली आणि रहाटाच्या दांड्याला हात घालायला गेली. टिओपिराने तिच्या आधी दांडा उपसून काढला आणि तो मांडीवर आडवा घेऊन खाली बसला, ओल्या गवतात. दांड्याशिवाय रहाट म्हणजे नुसतं लाकूड. मावशी त्याला काय काय बोलली ते मी सांगत नाही. बापाचं नाव काढलं, कानाचं नाव काढलं. तो ऐकत राहिला. अर्धं ऐकू येतं याचा कधीकधी फायदाही असतो.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. आम्ही दोघे बसलो म्हणजे उठवणारा त्या खोऱ्यात जन्मायचा होता.

शेवटी आजीला जवळच्या लोकरीच्या शेडमधे नेलं. बायका तिच्याभोवती बसल्या, कारण तिला एकटं ठेवता येत नाही. रताळी उकडली, चहा झाला, गाणी झाली. मावशी शेडमधून बाहेर आली नाही. टिओपिरा शेडमधे गेला नाही. तो वायरीपाशीच होता, हात ठेवून. नंतर मला म्हणाला, ते दोन धक्के बराच वेळ येत होते, मग हळूहळू लांबत गेले, आणि एकदा आले ते फक्त एकच, आणि मग आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी उतरली होती. धुकं पातळ होऊन वायर अर्ध्यापर्यंत दिसायला लागली, आणि जे दिसलं ते बघून बायकांनी तोंडाला पदर लावावा तसे हात लावले. वायरीच्या पोटाला, अगदी मधोमध, पुराच्या पाण्यातलं गवत आणि एका झाडाची मुळं लटकत होती. रिकामी वायर एवढी खाली गेली होती की पाण्याने तिला हात लावला होता.

टिओपिराने ठोका दिला. लाट आजोबांवर आली. त्याने रहाटाचा दांडा परत बसवून माझ्या हातात दिला.

"एकटा जातो. हळू फिरव."

"मी जातो," मी म्हणालो.

"तू वजनदार माणूस आहेस, दादा," तो म्हणाला, आणि पाळण्यात बसला.

मी त्याला धुक्यात सोडला. माझ्याइतकं सारखं त्या रहाटाला कुणी फिरवू शकलं नसतं. मधे एकदा वायर थरथरली, त्याने ती मुळं काढून टाकली होती.

पलीकडे, टिओपिराने नंतर सांगितलं तसं, होआनीचा पुतण्या हाकोपा आणि चार माणसं टेकडीवरून उतरत होती. टिओपिराने पहिलं विचारलं ते, काल वायर कुणी ठोकली. हाकोपा म्हणाला, "कोण ठोकणार? पुराच्या भीतीने आम्ही सगळे वर होतो. काठावर चिटपाखरू नव्हतं."

मग ते खड्ड्यापाशी गेले. खड्डा अर्धा पाण्याने भरलेला. भिंतींवर गाळाची रेघ पार काठाशी, म्हणजे काल पेटी पूर्ण बुडाली होती. पाण्यात बुडाला की दगड हलका होतो, नदीत दगड उचलणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. नदीने खालून हात लावून पेटी उचलून धरली होती, आणि वायर सैल सोडली होती. टिओपिराने हात घालून पाहिलं, मान हलवली, आणि दुधाचे कॅन आणून सगळे पाणी उपसायला लागले.

पाणी तळाला गेलं तशी ती दिसली. पेटीला वेढा घालून पडलेली वाम, आणि तिने कूस बदलली की पेटी हलायची, वर दोर हलायचा. मांडीएवढी जाड, काळी, पाठीवर शेवाळ, आणि डोळे निळे. एवढी म्हातारी वाम हाकोपानेही कधी पाहिली नव्हती. एकाने भाला उचलला, हाकोपाने तो खाली करायला लावला. अशा म्हाताऱ्या वामेला आमच्यात कुणी मारत नाही. त्यांनी खड्ड्याच्या कडेला एक फळी तिरकी लावून दिली आणि बाजूला झाले. वाम त्या फळीवरून वर आली, सगळ्यांच्या मधून ओल्या गवतावरून सरकत गेली, घाई न करता, आणि नदीत उतरली.

मग टिओपिराने तिथूनच ठोका दिला, लाट आमच्याकडच्या खडकाला आपटून त्याच्याकडे पोऊतूवर परतली, आणि त्याने पाळणा परत पाठवला.

हाराटा आजी गेली. मावशी तिच्या शेजारी, एक हात शवपेटीवर. पलीकडच्या बायकांनी टेकडीवरून हाक दिली, ती घळीतून आमच्यापर्यंत आली. टिओपिराने पाळणा धरला. आजीला उतरवली. मावशी मात्र बसून राहिली.

"काय होतं रे?" तिने विचारलं.

"पाणी, मावशी. पेटी बुडाली होती. दगड हलके झाले."

"पाणी होतंच. पाण्यात कोण होतं?"

टिओपिराने तिला हात देऊन खाली उतरवलं. "होता एक म्हातारा," तो म्हणाला. "गेला आपणहून."

मावशीने मान हलवली, डोक्यावरची पानं सारखी केली, आणि आईच्या मागून चढण चढायला लागली.